रिंग उकळलेलं पाणी

दात येणाऱ्या बाळांसाठी आमची कंपनी भुशापासून चावायच्या रिंगा बनवते. प्राण्यांवर चाचणी नाही. रिंग भिजवलेलं पाणी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना द्यायचं. पेशी जगल्या तर त्यांच्यात घातलेलं पिवळं द्रावण जांभळं होतं. कोमट पाण्याच्या चाचणीत तसं झालं, म्हणून मी माझ्या पिल्लूसाठी रिंग नेली. आज रिंग उकळलेल्या पाण्याची चाचणी केली. द्रावण पिवळंच राहिलं. “बरं झालं,” साहेब म्हणाले, “एकाही जिवाला न दुखवता वेळेत कळलं.” मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. “आई, पिल्लूची रिंग उकळता?” “म्हणजे काय! तूच बजावलंस ना? आठवडाभर रोज उकळतेय. सोडतच नाही लबाड.” “आधी तोंडातून काढा ती.” “अगं, काढली की आकांत मांडतो.” “मांडू दे. काढा!” फोन कानाशी दाबून मी त्याच्या रडण्याची वाट पाहत राहिले.