अडलेली

“ताई, पाणी तापलं का? राणीला कळा सुरू झाल्यात!” कपड्यांच्या कपाटापाशी बसलेल्या धाकटीने हाक मारली.

थोरलीने गॅस बारीक केला. या घरात तिच्यासाठी कधी कोणी असं पाणी तापवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. धाकटी जाऊ लग्नानंतर वर्षभरातच आई झाली. आणि आता तिची मांजरसुद्धा!

राणी मध्यंतरी जिन्यात सापडली होती. अंगभर केस, नखरे तर विचारू नका. दूध-मासळीवर पोट सुटलं, तसं सासूबाईंनी लांबूनच सांगून टाकलं, “गाभण आहे गं ही!” तेव्हापासून राणीचे लाड धाकटीकडे, आणि राणीच्या वाळूचा ट्रे थोरलीकडे.

आता राणी जुन्या चादरींवर दबून बसली होती. मधेच उठायची, वाळूत जायची, पाठ वाकवून जोर करायची, कळवळून ओरडायची. मग परत येऊन शेपटीखाली चाटत राहायची.

“सकाळपासून हेच चाललंय,” थोरली म्हणाली. “खाल्लं नाही, वर ओकली. आणि वाळू कालपासून कोरडी ठणठणीत आहे.”

“कळा येत असताना खाणंपिणं सुचतं का कुणाला?” सासूबाई हसल्या. “तुला काय ठाऊक म्हणा!”

धाकटी हसली नाही. नुसती चादर सारखी करत राहिली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बसा म्हणावं तिच्या पायाशी, मला काय त्याचं! ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळत बसली.

दुपारी धाकटीचा डोळा लागला. सासूबाईही खुर्चीत पेंगल्या. ओरडणं थांबलं तशी थोरली उठली. सुटली वाटतं एकदाची! आता घरभर पिल्लांचं कौतुक ऐकायचं. कपाटाकडे जातानाच तिचा जीव जळत होता.

चादर तशीच स्वच्छ होती. राणी मान टाकून पडली होती, पंजे गार. पोटाला बोट लागलं तेव्हा कशीबशी फिसकारली.

थोरलीने कुणालाही उठवलं नाही. राणीला टोपलीत घातलं आणि चपला पायात अडकवल्या.

“पहिलटकरीण आहे हो, अडलीय,” प्राण्यांच्या डॉक्टरांसमोर टोपली ठेवत ती म्हणाली.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. दगडासारखं घट्ट. शेपटी उचलून बघितलं आणि मदतनीस बाईंना बारीक नळी आणायला सांगितलं.

“वाचेल ना?”

“अगदी वेळेवर आणलंत. उद्यावर ढकललं असतं, तर हाती काही उरलं नसतं.”

थोरलीने सुस्कारा सोडला. पण मनातली सल काही गप्प बसेना. भिंतीकडे बघत तिने विचारलं, “किती आहेत पोटात?”

“पिल्लं कुठली?” डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले. “लघवी अडलीय. बाई, हा बोका आहे!”