चौघांची टोपली

“कुटुंब म्हणजे चार माणसं,” तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. “आई, वडील, दोन मुलं. टोपलीत पाचवा फक्त पायलट.”

“हो हो, आम्ही चौघंच आहोत,” भाऊ म्हणाला. मग मागे उभ्या असलेल्या ताईकडे त्याचं लक्ष गेलं. “ही माझी मोठी बहीण. सोबत आलीये.”

सोबत! बक्षीस ताईचं होतं. पेपरातलं शब्दकोडं तिनं एकटीनं सोडवलं होतं, आणि ‘एका कुटुंबाला बलूनची सफर’ असं पत्र तिच्याच नावानं आलं होतं. सलग तीन दिवसांची सुट्टी बघून तारीखही तिनंच घेतली होती. गेला आठवडाभर ती उगाचच गच्चीत जाऊन आभाळाकडे बघत होती. साठी उलटलेल्या बाईनं असं खुळ्यासारखं बघत बसू नये, हे तिला कळत होतं. पण तिला वर जायचं होतं, एवढं खरं.

मुलीनं रजिस्टर पुढे सरकवलं. “सही मात्र पत्रात नाव आहे त्यांचीच लागेल.”

ताईनं सही केली. चौघं आत गेले.

“ताई, तुम्ही पुढच्या फेरीत या,” भावजय जाता जाता म्हणाली. “एकट्या माणसाचं काय, कुठेही होते सोय. तोवर तेवढ्या पिशव्या सांभाळा.”

मैदानभर बलून डोलत होते. यांचा पिवळा, तीन जाड दोरांनी तीन ट्रकना बांधलेला. पाच मजले वर जायचं, चार फोटो काढायचे आणि खाली यायचं. शिट्टीवाला माणूस प्रत्येकाला बजावत होता, “खाली आलात की उड्या मारायच्या नाहीत. आधी नवा माणूस चढेल, मगच आतला उतरेल. वजन एकदम कमी झालं की टोपली वर उसळते.” भाऊ मोबाइलमध्ये बघत मान डोलवत होता. ताईनं मात्र कठड्याबाहेरून शब्दन् शब्द ऐकला. दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत तीस वर्षं काढली की सूचना नीट ऐकायची सवय लागते.

बलून वर गेला. पुतणीनं हात हलवला. पुतण्यानं मात्र वर पोचताच भोकाड पसरलं, ते खालीही ऐकू येत होतं. एव्हाना वारा वाढला होता. शिट्टीवाल्याच्या तोंडातली शिट्टी थांबली आणि तो सारखा आभाळाकडे बघू लागला.

टोपली खाली टेकली न टेकली तोच भावानं रडणाऱ्या पोराला काखोटीला मारलं आणि टुणकन बाहेर उडी टाकली. टोपली हिसका खाऊन उसळली. भावजय किंचाळली. दोरवाले धावत येऊन काठाला लोंबकळले.

“वजन! कुणीतरी चढा, पटकन!” पायलट ओरडला.

भावानं इकडेतिकडे पाहिलं. “ताई! अगं ताई, चढ ना तू! बघत काय बसलीस?”

अडला हरी म्हणतात तो असा. ताईनं पिशव्या टाकल्या, टोपलीच्या खाचेत पाय रोवला, गुडघा कटकन वाजला, कुणीतरी मागून ढकललं आणि ती आत पडली. टोपली शहाण्यासारखी जमिनीवर बसली.

ताईनं वर पाहिलं. आतून सगळा पिवळा उजेड होता. झालं एकदाचं, तिला वाटलं, आपणही चढलो. दोरवाल्यांनी काठावर भार टाकला, तशा भावजय आणि पुतणी एकेक करून उतरल्या. ताई काठ घट्ट धरून पुढच्या माणसांची वाट बघू लागली. कुणीच चढलं नाही. पायलटनं डोक्यावरची लाल दोरी ओढली.

“वर नाही जायचं?” ताईनं विचारलं.

“वारा चढलाय, मावशी. आजच्यापुरतं बंद. वरची हवा निघेपर्यंत तुम्ही नुसत्या उभ्या राहा, हलू नका.” तो घाम पुसत हसला. “बरं झालं तुम्ही होतात. नेमक्या वेळी वजन मिळालं.”

तो चांगल्या मनानंच म्हणाला, म्हणून तर जास्त लागलं. ताई दहा मिनिटं तशीच उभी राहिली. डोक्यावरचं कापड लुळं पडत गेलं. तिला रडायला येत होतं, आणि काठापलीकडे भाऊ पिशवीतून काढलेला तिचाच फोन तिच्यावर रोखून उभा होता.

“ताई, इकडे बघ! हास की जरा!”

ती उतरेपर्यंत त्यानं फोटोखाली ‘अखेर आकाशात!’ असं लिहून तो तिच्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांना धाडूनही दिला होता.

“झालं ना आता तुमच्याही मनासारखं?” भावजय म्हणाली. “मघापासून उगाच तोंड पाडून उभ्या होतात.”

गाडीत मागच्या सीटवर, दोन पोरांच्या मध्ये, मांडीवर पिशव्या घेऊन ताई बसली होती, तेव्हा फोन वाजला. दवाखान्यातली जुनी मैत्रीण होती. तिचा आवाज गाडीभर ऐकू येत होता.

“फोटो बघितला! कसली भाग्याची गं तू! सांग ना, वरून काय काय दिसलं?”

भावजय मागे वळली. भावानं आरशातून ताईकडे पाहिलं, आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

“घरची माणसं दिसली,” ताई म्हणाली. “इतकी स्पष्ट याआधी कधी दिसली नव्हती.”