राक्षसाची कमजोरी

"पप्पा, तुमी कशाला भिताय?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून जेवताना विचारून टाकलं. फासे टाकून राक्षस मारायच्या आमच्या खेळात राक्षस मी बनवते, आणि माझा नियम पक्का आहे: ज्याची जी ताकद, त्यातच त्याची कमजोरी.

पप्पा रिटायर्ड सुभेदार. ते हसले. "फौजी कशाला भितोय? गावात नाव हाय, तेवढं जपतो. म्हणून तर दहावीनंतर तुझं कॉलेज न्हाई. पोरगी रोज एसटीनं कऱ्हाडला गेली, तर लोक नावं ठेवतील."

आईनं पप्पांच्या ताटात भाकरी वाढली. माझं डोकं सणकलं.



"आई, पप्पा, ऐका. सव्वीस जानेवारीला शाळेत पप्पांचं 'मुलगी शिकवा' भाषण हाय ना? पप्पा आत्ता जे बोलले, ते त्याच्या आधी माईकवर मी सांगणार."