निऱ्या

पॅन्टवरच मोरपंखी इरकल नेसून हेरंब गिऱ्हाइकाला पदर दाखवत होता, तेवढ्यात दुकानाच्या दारात चपला काढताना त्याला आई दिसली. सोबत शेजारच्या देवस्थळीकाकू.

एमेस्सी झाल्यावर दीड वर्ष घरी बसून काढलं, तेव्हा कुठे साड्यांच्या दुकानातली ही नोकरी मिळाली होती. घरी मात्र औषधांच्या कंपनीत लागलो म्हणून त्याने सांगून टाकलं होतं, आणि आईने त्या आनंदात अख्ख्या आळीत स्वतः फिरून पेढे वाटले होते.

पळावं म्हटलं, तर पायांत निऱ्या. त्याचे कान तापले.

"अगं बाई! हा तुमचा हेरंब ना?" काकू चारचौघांत ओरडल्याच. "कंपनी म्हणजे ही होय?"

आई गाद्यांवरून सरळ त्याच्याजवळ आली. आता मुस्काटात बसणार, म्हणून त्याने डोळेच मिटले.

पायाशी साडी ओढल्यासारखी वाटली. आई खाली बसून त्याच्या निऱ्या एकेक करून सारख्या करत होती. लहानपणी ती साडी नेसायची तेव्हा तो रोज खाली बसून धरायचा, अगदी तशा.

"खोटं बोललास, ते घरी बघते," ती हळूच म्हणाली. मग काकूंकडे वळून मोठ्याने, "माझाच आहे. बसा हो, याच्याकडूनच घेऊ. साडीतलं याला पहिल्यापासून कळतं."

मघापर्यंत हेरंबला साडीची लाज वाटत होती. आता पेढ्यांची वाटू लागली.