ऑस्वाल्डचं स्टूल

परळच्या बर्फाच्या कारखान्यात लिओनार्ड रोज सकाळी गंधकाची पेटती कांडी नळांच्या सांध्यांवरून फिरवायचा. अमोनिया गळत असला, की तिथे पांढरा धूर दाटायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात त्याने पोटदुखीचं निमित्त सांगितलं, म्हणून दुसऱ्या पाळीचा ऑस्वाल्ड त्याच्या जागी बदलीवर आला आणि फुटल्या नळापाशी गुदमरून मेला. तो नळ बदलूनही महिना झाला होता.

आज सगळे सांधे साफ निघाले. पण कांडी कोपऱ्यातल्या ऑस्वाल्डच्या रिकाम्या स्टुलापाशी येताच, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर धूर दाटला. विरला. पुन्हा दाटला.

"इथं तर नळच नाय रे," राजाराम फिटर म्हणाला.

लिओनार्ड पुटपुटला, "ऑस्वाल्ड, पोट दुखत नव्हतं रे माझं."

धूर थांबला. कुणी श्वास रोखून ऐकावं, तसा.