ठमीचे फोटो

फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला चेहऱ्यांचा सराव करायला त्याला हक्काचं एकच गिऱ्हाईक मिळालं, ताईची दीड वर्षाची ठमी. फ्लॅश उडाला की ती खुदकन हसायची. फक्त तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली बऱ्याच फोटोंत पांढरी दिसायची. फ्लॅशचा दोष असणार, असं समजून तो ती कॉम्प्युटरवर निगुतीनं काळी करायचा आणि मगच फोटो ताईला द्यायचा. ताई ते कौतुकानं सगळ्यांना दाखवत सुटायची.

सहा महिन्यांनी ठमी चालताना दारांना धडकायला लागली.

"डोळ्यात गाठ आहे, डोळा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "फोटोत कधी पांढरं दिसलं नाही का हो? तेव्हाच आणलं असतं तर कदाचित वाचला असता."

"नाही हो," ताई म्हणाली. "सगळे फोटो छान आले होते."

त्या संध्याकाळी त्यानं मूळ फोटो ताईसमोर ठेवले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं ठमीला नवा फ्रॉक घालून त्याच्यासमोर आणून बसवलं.



"दोन्ही डोळे आहेत तोवर एक फोटो काढ. आणि या वेळी जसा येईल तसाच दे मला."