फरशीतली वीज

शेवटचं षटक उरलं, सात धावा हव्या होत्या आणि टीव्हीचं चित्र विझलं.

"सूनबाई, धावा! फुगडी घाला!" आप्पा खुर्चीतून ओरडले.

चारुलता कणीक तशीच टाकून बाहेर आली. नव्या घरांतले टीव्ही पावलांच्या दाबातून फरशीने साठवलेल्या विजेवरच चालत. घर जितकं खेळेल, तितकंच चित्र. तिने लेकीचे, इराचे हात धरले आणि दोघी गरगर फिरल्या. टीव्हीखालचा दिवा लालच राहिला.

"चिमण्यांनो, तुमच्या वजनाने काय होणार!" आप्पा कळवळले.

"मग तुम्ही या ना!" इरा धापा टाकत म्हणाली.

गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते. डॉक्टर 'चाला' म्हणून थकले, पण भीतीपोटी आप्पांनी खुर्ची सोडली नव्हती. आता मात्र ते ताडकन उठले. चारुलतेने कणकेचा हात पुढे केला. एक पाऊल पडलं, दुसरं पडलं, मग धप धप तिसरं, चौथं!

दिवा हिरवा झाला. पडद्यावर सगळं मैदान नाचत होतं.

"आप्पा, बघा ना, जिंकलो!" इरा किंचाळली.

"बघतो गं," आप्पा म्हणाले. त्यांची नजर स्वतःच्या पायांवरून हलत नव्हती. "आधी ओट्यापर्यंत जाऊन येतो."